अण्णांची चावी आणि शहराची हद्द

गेल्या आठवड्यात रात्री अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मावसबहीण, सोलापूरच्या हद्दीला लागूनच्या गावात दिलेली. पुढच्या हद्दवाढीत आपलं गाव सोलापूर महापालिकेत जाणार, अशी त्यांच्या गावात चर्चा आहे म्हणे. पोरं खूश आहेत, प्लॉटवाले त्याहून खूश, म्हातारी माणसं गप्प. "तू हद्दवाढ भागातच वाढलीस," अक्का म्हणाली, "सांग की गं, यावं का न्हाई आम्ही?"

त्या रात्री तिला नीट उत्तर देता आलं नाही. मग चार दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं.

आमचं गाव शहरात गेलं ते १९९२ साली. बाळे, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी भोवतालची गावं त्याच वेळी महापालिकेत आली. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ चौरस किलोमीटरच्या वर गेलं. सोलापुरात पत्ता सांगताना आजही लोक 'हद्दवाढ भाग' म्हणतात. तेव्हा जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली, तरी तो शब्द काही गेला नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत शिपाई होते. दवंडी देणं, घरपट्टीच्या पावत्या घेऊन दारोदार जाणं, ग्रामसभेआधी सतरंज्या अंथरणं, सगळं त्यांच्याकडे. पण गाव त्यांना ओळखायचं ते पाण्यामुळे. टाकीचं पाणी सोडायची चावी त्यांच्याकडे असायची. कमरेएवढी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी आमच्या दाराआड उभी असे. पहाटे तिचा फरशीवर आवाज झाला की आई उठायची. पाणी उशिरा आलं तर बायका ऑफिसात जात नसत, आमच्या ओट्यावर येत. अण्णांनी त्यांची बोलणी खाल्ली, कधी उलट बोललेही, पण दार कधी लावून घेतलं नाही.

हद्दवाढ झाली त्याच वर्षी अण्णांची नोकरी संपत आली होती. नवा चावीवाला आला, पंचविशीतला, शहरात वाढलेला. अण्णा आठ दिवस त्याला घेऊन गावभर हिंडले. पाराजवळचा वॉल्व्ह मातीखाली गेला होता, तो कुदळीनं उकरून दाखवला. कुठल्या वॉल्व्हला किती आटे फिरवायचे तेही सांगितलं. वरच्या आळीला साडेतीन आटे. चार दिले की खालच्या वस्तीत थेंब पोचत नाही. त्याआधी ट्रॅक्टरमधून दप्तर गेलं होतं. नमुना आठची नोंदवही गेली, नमुना नऊची गेली, कॅशबुक गेलं, खुर्च्या आणि कपाट गेलं. आटे कुठल्याच वहीत लिहिलेले नव्हते. पुढे तो पोरगा बदलला, दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येक जण पहिल्यांदा आमच्याच घरी यायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "अण्णा, त्या पाराजवळच्याला किती ओ?" अण्णा असेपर्यंत हे चाललं.

ग्रामपंचायतीचा कारभार सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. सरपंच ज्या आळीचा, त्या आळीला दिवे आधी लागत. खालच्या वस्तीतल्या बायका ग्रामसभेत दाराशी उभ्या राहत, आत बसायला कोणी बोलवत नसे. हद्दवाढीनं रस्ते रुंद झाले आणि पोरींना कॉलेजला जायला शहराची बस मिळाली, हे मला विसरायचं नाही. माझं शिक्षण त्याच बसनं झालं.

पण एक गोष्ट हरवली ती आजतागायत परत मिळालेली नाही. काम कोणाचं, हे सांगणारा माणूस.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखाली एक मोरी आहे. गाव होतं तेव्हा ती साफ करायला पावसाळ्याआधी अण्णा दोन माणसं घेऊन उतरायचे. काही वर्षांपूर्वी ती गाळानं बुजली आणि पहिल्याच मोठ्या पावसात सात घरांत पाणी शिरलं. माझ्या घरात पिठाचा डबा तरंगत होता. अर्ज घेऊन मी तीन कार्यालयांत गेले. पहिल्यानं सांगितलं, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, रस्ता आमचा होता, आता वर्ग झाला. तिसऱ्यानं विचारलं, वर्ग झाल्याचं पत्र आहे का तुमच्याकडे? तिघंही सौजन्यानं बोलले. मला तिघांचाही राग आला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. शेवटी आम्ही सात घरांनी पैसे गोळा करून गाळ काढला.

हद्द बदलते त्या दिवशी नकाशा बदलतो. मोरी, वॉल्व्ह, शाळेची दुरुस्ती, स्मशानभूमीचा पत्रा, दिव्याचं बिल, यातलं प्रत्येक काम नावानिशी आणि पैशानिशी कोणाच्या तरी हातात द्यावं लागतं, आणि तेवढंच राहून जातं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, म्हणजे आमच्या हद्दवाढीच्या दुसऱ्याच वर्षी. तिनं घटनेला बारावी अनुसूची जोडली. नगररचना, पाणीपुरवठा, रस्ते-पूल, झोपडपट्टी सुधारणा अशी शहरांच्या कारभाराची १८ कामं तीत आहेत. पण ती कामं पालिकांना किती आणि कशी द्यायची, हे राज्यांवर सोडलं. गावांसाठी ७३ वी दुरुस्ती आली, तिच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. गाव शहरात गेलं की ते एका यादीतून उठून दुसऱ्या यादीत बसतं. रोजगार हमीची कामं बंद होतात, कारण ती योजनाच ग्रामीण भागाची. घरकुलाची योजना बदलते. ग्रामसभा संपते. हे अक्काच्या गावात कोणी सांगितलं आहे का, मला शंका आहे.

लोकांचा विश्वास का बसत नाही ते महाराष्ट्रात सगळीकडे दिसतं. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, पण तिची हद्द तेव्हापासून वाढलेली नाही. भोवतालची गावं यायला तयार नाहीत, म्हणून २०१७ साली ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं २००२ मध्ये बाहेर काढली आणि २०१५ मध्ये परत आत घेतली. पुण्यात २०१७ साली गेलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची पुढे वेगळी नगरपरिषद झाली. गाव आत-बाहेर करताना पाण्याचे आटे कोण मोजत असेल?

माझी लेक राज्यशास्त्रात एम.ए. करते. तिच्याशी हे बोलत होते तेव्हा तिनं डेन्मार्कचं सांगितलं. १ जानेवारी २००७ ला तिथल्या २७१ पालिका एकत्र करून ९८ केल्या. जिल्ह्यांसारख्या संस्था बंद करून पाच प्रदेश केले. माझं लक्ष आकड्यांपेक्षा पुढच्या गोष्टीनं वेधलं. हद्दी बदलताना त्यांनी कामंही त्याच सुधारणेत वाटून टाकली. दवाखाने प्रदेशांकडे, बहुतेक रस्ते आणि समाजसेवेची जास्तीची कामं पालिकांकडे. त्या प्रदेशांना कर बसवायचा अधिकारसुद्धा ठेवला नाही. तिथंही गावं नाराज झालीच असतील, ते मी समजू शकते. पण कुठलं काम कोणाचं, याची यादी हद्दीबरोबरच निघाली.

नवी पालिका साधारण ३० हजार लोकांची असावी, असं त्यांचं उद्दिष्ट होतं. ते ऐकून मी वही काढली. सोलापूरची २०११ ची लोकसंख्या ९,५१,५५८ आणि प्रभाग २६. भागाकार केला तर एका प्रभागात ३६ हजारांच्या वर माणसं. म्हणजे आमचा एक प्रभाग तिथल्या एका पालिकेएवढा. तिथली तेवढी पालिका शाळा चालवते, म्हाताऱ्यांची काळजी घेते. आमच्या प्रभागात मोरीचा अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा, ते मला चाळीस दिवसांत कळलं नाही. त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली ती जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत. जवळजवळ चार वर्षं दार ठोठवायला नगरसेवकही नव्हता.

शहरातही ग्रामसभेसारखं काही असावं म्हणून क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात झालेली आहे. आमच्या भागात ती भरल्याचं मी पाहिलेलं नाही. भरली तर सगळ्यात पुढे मी सतरंजी टाकून बसेन, हे मनापासून लिहिते.

तर अक्काला मी परवा उलट फोन केला. म्हटलं, या किंवा येऊ नका हे मी सांगणार नाही. शहराच्या कडेला राहून कचऱ्याचा धूर खायचा आणि घंटागाडी मात्र नाही, हेही काही खरं नाही. पण हद्दवाढीचा मसुदा निघेल तेव्हा सरकार हरकती आणि सूचना मागवतं. तोपर्यंत गावाची यादी तयार ठेवा. किती वॉल्व्ह, किती मोऱ्या, किती दिवे, शाळेच्या कुठल्या खोलीचं छत गळतं, कोणता रस्ता आज कोणाच्या नावावर आहे. ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावाला जोडा, आणि प्रत्येक ओळीसमोर विचारा, उद्या हे कोण करणार आणि पैसे कुठून येणार. उत्तर लेखी घ्या. आता तुमच्याकडे ग्रामसभा आहे तोवर विचारता येईल.

"आणि आटे?" अक्कानं विचारलं. तिलाही अण्णांची गोष्ट पाठ आहे.

काल तिनं मोबाइलवर फोटो पाठवला. नातवाच्या वहीचं पान, वर तारीख, खाली अकरा वॉल्व्हची नावं: देवळामागचा, चिंचेखालचा, शाळेच्या भिंतीजवळचा. दहा नावांसमोर आटे लिहिले आहेत. अकराव्यासमोर जागा मोकळी आहे. त्यांचा पाणी सोडणारा लग्नाला अक्कलकोटला गेलाय, आल्यावर विचारून लिहिते, असं तिनं खाली टाइप केलंय.