शॅम्पेनच्या बाटल्या आणि सात सेंटिमीटरची खिडकी

सोमवार, रात्री

बॉम्बवरचे लाल आकडे उलटे धावायला लागले की माझं लक्ष उडतं. तीन सेकंद उरले असताना तार कापली जाणार, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. थ्रिलरला घड्याळ लागतंच, पण ते आकड्यांचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकच्या 'नॉटोरिअस'मध्ये (१९४६) ते बर्फात ठेवलेलं आहे. रिओच्या एका बंगल्यात पार्टी रंगली आहे. तळघराची किल्ली नायिकेनं नवऱ्याच्या जुडग्यातून काढून नायकाच्या हाती दिली आहे. वर बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या संपल्या की नवरा आणखी बाटल्या आणायला तळघराकडे निघणार आणि किल्ली गायब असल्याचं त्याला कळणार. एवढं एकदा समजलं की पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पाहुण्यानं ग्लास पुढे केला तरी आपल्या पोटात गोळा येतो. त्यात हिचकॉक स्वतः त्या पार्टीत येऊन एक ग्लास घटाघट पिऊन जातो! स्वतःच लावलेलं घड्याळ स्वतःच पुढे सरकवण्याचा हा खट्याळपणा मला त्याच्या कुठल्याही गाजलेल्या कॅमेरा-हालचालीपेक्षा जास्त आवडतो.

हे घड्याळ चालतं, कारण नियम आधीच कळलेले असतात. किल्ली एकच आहे, ती नवऱ्याकडेच असते, बाटल्या मोजक्या आहेत. हेच नियम तळघरातल्या प्रसंगानंतर सांगितले असते तर तो प्रसंग नुसता खुलासा झाला असता. आजकालचे बहुतेक हेरपट इथेच घसरतात. नायक तिजोरी उघडतो आणि मग एक पात्र धापा टाकत सांगतं की ती उघडणं किती अशक्य होतं. आता सांगून काय उपयोग?

मंगळवार

टेबलाखालच्या बॉम्बचं हिचकॉकचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत त्यानं ते मांडलं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं आणि पात्रं मात्र निवांत गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांचा ताण. लोक इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच माणसानं 'सॅबोटाज'मध्ये (१९३६) एका मुलाच्या हाती बॉम्ब देऊन त्याला लंडनच्या बसमध्ये बसवलं, ताण वाढवत नेला आणि शेवटी बॉम्ब खरोखर फोडला. प्रेक्षक चिडले. पुढे हिचकॉकनंच ती चूक असल्याचं कबूल केलं. इतका वेळ ताणून धरलेल्या प्रेक्षकाला सुटका हवी असते, आणि ती दिली नाही तर राग पात्रांवर निघत नाही, दिग्दर्शकावर निघतो.

थ्रिलर दुसऱ्यांदा बघताना कागदावर तीन रकाने आखावेत: प्रेक्षकाला काय माहीत, नायकाला काय माहीत, विरुद्ध बाजूला काय माहीत. दर प्रसंगाला एकेक ओळ. तासाभरात चित्र स्पष्ट होतं. तिन्ही रकान्यांत बराच वेळ सारखीच माहिती राहिली, तर तो भाग कंटाळवाणा वाटतो, मग पडद्यावर कितीही गोळ्या सुटू देत. प्रेक्षकाचा रकाना पुढे असेल तर ताण. नायकाचा पुढे असेल तर रहस्य, आणि रहस्य महाग पडतं: दोन तास प्रेक्षकाला अंधारात ठेवायचं आणि सगळी वसुली शेवटच्या दहा मिनिटांत करायची. असे चित्रपट दुसऱ्यांदा बघवत नाहीत. 'नॉटोरिअस' कितीदाही बघवतो.

फ्रेड झिनेमनचा 'द डे ऑफ द जॅकल' (१९७३) तर पहिल्या मिनिटापासून शेवट उघडा टाकून बसलेला आहे. मारेकऱ्याचं लक्ष्य आहे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल. चित्रपट आला तेव्हा द गॉल जाऊन अडीच वर्षं झाली होती, तीही घरी, नैसर्गिक मरणानं. तरी प्रेक्षक हलत नाही, कारण प्रश्न 'मारेल का' असा राहतच नाही. 'कुठवर पोहोचेल आणि कसा' असा होतो. मारेकरी स्मशानात जाऊन लहानपणीच वारलेल्या एका मुलाचं नाव शोधतो, त्या नावाचा जन्मदाखला मिळवतो, त्यावर पासपोर्ट काढतो. मग बंदुकीची चाचणी. झाडाला टांगलेलं कलिंगड, त्यावर रंगानं काढलेला चेहरा. गोळी झाडायची, कुठे लागली ते बघायचं, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा झाडायची. नेम बसल्यावर शेवटी खरी स्फोटक गोळी, आणि कलिंगडाच्या जागी काहीच उरत नाही. तिथून पुढे रक्ताचा थेंब न दाखवताही त्या बंदुकीची भीती वाटते. नायक म्हणून एडवर्ड फॉक्स घेतला, तेव्हा त्याचा चेहरा फारसा ओळखीचा नव्हता. मारेकऱ्याच्या भूमिकेत मोठा तारा असता तर तो गर्दीत मिसळतो यावर कोण विश्वास ठेवणार?

गुरुवार

चोरीचं काम दाखवणं हे कथेपेक्षा अवघड. ज्यूल्स डासिनच्या 'रिफिफी'मधली (१९५५) पॅरिसच्या दागिन्यांच्या दुकानातली चोरी साधारण अर्धा तास चालते. संवाद नाही, संगीत नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिकनं त्या भागासाठी संगीत रचलं होतं. मग संगीतासह आणि संगीताशिवाय असं दोन्ही पाहून त्यानंच ते काढून टाकायला संमती दिली. असा संगीतकार मिळायलाही भाग्य लागतं.

पण शांतता हे त्या प्रसंगाचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं आधीच्या तालमीत आहे. दुकानात बसवलाय तसाच भोंगा ही टोळी आणून ठेवते आणि तो कशानं वाजतो, कशानं गप्प होतो हे तपासत बसते. जरासा हादरा पुरतो, हे तिथे कळतं. शेवटी अग्निशामकाचा फेस भरला की आवाज दबतो, हा उपाय सापडतो. आता प्रत्यक्ष चोरीच्या रात्री वरच्या मजल्याची जमीन फोडताना एक ढेकूळ जरी खाली पडलं तर काय होईल हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून छोट्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात आणि पडणारा चुरा तिच्यात झेलतात. हे पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. तालीम कापली असती तर छत्री ही नुसती गंमत उरली असती. आणि सगळं बिनचूक पार पडल्यावर टोळी बुडते कशानं? तिजोरी फोडणाऱ्यानं एका गायिकेला दिलेल्या अंगठीनं. (ती भूमिका डासिननं स्वतःच केली आहे, पडद्यावर वेगळं नाव लावून.)

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'हाय अँड लो' (१९६३) मी याच्याही वर ठेवतो. बुटांच्या कंपनीतला एक बडा अधिकारी. त्याच्या मुलाऐवजी चुकून ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो. खंडणी तीन कोटी येन. सुरुवातीचा जवळजवळ तासभर दिवाणखान्यातच जातो. नवखा बघणारा इथे चुळबुळतो, पण कळ काढावी, कारण हा तास फुकट जात नाही. अपहरणकर्ता बॅगांची जाडी सात सेंटिमीटरपर्यंतच ठेवायला सांगतो. का, ते पोलिसांनाही उमगत नाही. मग गाडीत बसल्यावर कळतं की त्या 'कोदामा' एक्सप्रेसच्या खिडक्या बंद असतात, फक्त प्रसाधनगृहाची खिडकी उघडते, आणि तीही सात सेंटिमीटरच. सगळे पोलिस गाडीत, पैसे मात्र नदीकाठी खिडकीतून बाहेर. एका आकड्यानं एवढं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

त्या बॅगांच्या अस्तरात पोलिस दोन पुड्या लपवतात: एक भिजली की उग्र वास मारेल, दुसरी जळली की गुलाबी धूर काढेल. अस्तर कोण शिवतो? तो अधिकारी स्वतः. तरुणपणी तो बूट शिवायचा. जुनी हत्यारं काढून जमिनीवर बसतो आणि शिवतो. अख्ख्या कंपनीवर ताबा मिळवायला निघालेला माणूस पुन्हा कारागीर झालेला आपण पाहतो, आणि त्याच वेळी पोलिसांचा सापळाही तयार होतो. पुढे कृष्णधवल पडद्यावर खरोखर गुलाबी धूर उठतो, संपूर्ण चित्रपटात तेवढाच रंग. तपासाची मजा तर वेगळीच. ध्वनिमुद्रित फोनमागे एक खडखडाट ऐकू येतो, आणि तो कुठल्या मार्गावरच्या गाडीचा हे रेल्वेतला माणूस कानानं ओळखतो. संगणकाच्या पडद्यावर लाल ठिपका लुकलुकला असता तर हा माणूसच चित्रपटात आला नसता.

शुक्रवार

लाल ठिपक्यावरून आठवलं. मोबाइल कंपनीच्या नोंदीत प्रामुख्यानं टॉवर आणि त्याची दिशा असते. शहरात टॉवर दाट असल्यानं अंदाज काहीशे मीटरवर येतो, खेड्यात तो काही किलोमीटर पसरतो. "तिसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या खोलीत" हे फक्त चित्रपटात. फोन कुठून आला ते शोधायला पोलिसांनी "त्याला मिनिटभर बोलत ठेवा" म्हणणं हेही तसंच शिळं. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये माणसाला खरोखर एकेक जोडणी मागे मागे शोधत जावं लागे, तेव्हा ते खरं होतं. डिजिटल एक्स्चेंजमध्ये फोन लागताच नंबर नोंदला जातो. सायलेन्सरचंही तेच: बंदुकीचा आवाज त्यानं साधारण वीस ते पस्तीस डेसिबलनं उतरतो, तरी तो शेजाऱ्याला ऐकू जाण्याइतका राहतोच. फुंकर मारल्यासारखा आवाज ध्वनिसंयोजकाच्या खोलीत जन्मतो. मायकल मानच्या 'हीट'मध्ये (१९९५) बँकेबाहेरच्या चकमकीत चित्रीकरणाच्या जागीच नोंदलेले बारांचे आवाज वापरले. लॉस एंजेलिसच्या उंच इमारतींवर आपटून परतणारा तो नाद ऐकल्यावर इतर चित्रपटांतल्या बंदुका खेळण्यातल्या वाटतात. हा चित्रपट फोनच्या स्पीकरवर बघू नये.

हेरांबद्दल माझं मत सरळ आहे. हेर म्हणजे कचेरीत काम करणारा माणूस. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'च्या २०११ च्या चित्रपटात सगळ्यात जास्त घाम फुटतो तो एक नोंदवही अभिलेखागारातून बाहेर काढताना. गॅरेजमधून आल्याचं भासवणारा एक फोन, एक पिशवी, एक खोटं हसू. आणि वही हाती लागते तेव्हा हवी ती पानंच कापलेली. आपल्याकडे 'राझी'नं (२०१८) हे ओळखलं. १९७१ ची सेहमत पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते, आणि तिला खरी भीती कुणा जनरलची नाही, घरातल्या जुन्या नोकराची असते. ज्याचं लक्ष घरातल्या प्रत्येक वस्तूच्या जागेवर असतं, तोच हेराचा शत्रू. विमानतळावर उतरताच गॉगल लावून खऱ्या नावानं हिंडणाऱ्या नायकांना हे कोण सांगणार?

रविवार

'दृश्यम'चा हिंदी अवतार (२०१५) निशिकांत कामतचा, गोव्यात घडणारा. मूळ जीतू जोसेफचा मल्याळम चित्रपट २०१३ चा. चौथी नापास, केबलवाला, चित्रपटवेडा विजय साळगावकर. पोलिसांपासून कुटुंबाला वाचवायला त्यानं रचलेल्या बनावाची खुबी अशी की एकही साक्षीदार खोटं बोलत नाही. बसचा कंडक्टर, लॉजवाला, थिएटरमधला माणूस, सगळ्यांनी ते कुटुंब खरोखर पाहिलेलं असतं. खोटी असते ती फक्त तारीख, आणि तीही गप्पांच्या ओघात त्यांच्या डोक्यात अलगद पेरलेली. पाहिलेलं दृश्य डोक्यात राहतं, तारीख मात्र दुसऱ्या कुणी सांगावी लागते. साक्षीदारांना पैसे चारले असते तर तब्बूनं रंगवलेल्या पोलीस अधिकारी मीरा देशमुखनं पहिल्या कानाखालीच सगळं बाहेर काढलं असतं. आज ही कथा लिहायची तर मात्र यूपीआयची वेळ, फास्टॅगची नोंद, लॉजच्या काउंटरवरचा कॅमेरा आणि पोरींचे फोन या चौघांची सोय आधी लावावी लागेल. लेखकांनी तिथून पळ काढण्यासाठी "नेटवर्क नव्हतं" म्हणू नये, एवढीच विनंती.

श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (२०१८) पुण्यातला. पियानोवाला आंधळा नाही हे आपल्याला खुनाच्या प्रसंगाआधीच कळलेलं असतं, इथेच तो जिंकतो. समोर प्रेत, ते उचलण्याची मूकपणे चाललेली धांदल, आणि हा वाजवतोय. थांबला तर संपला, डोळा हलला तर संपला. रकाने मांडून बघा: आपल्याला सगळं माहीत, त्याला सगळं माहीत, आणि समोरच्या बाईला तेवढं एक सोडून सगळं. उत्तरार्धात मात्र योगायोग जरा जास्त झाले, असं माझं मत अजून कायम आहे.

शेवटी कोपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४), ज्यावरून माझं आणि मित्रांचं कधीच जमत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये फिरत्या जोडप्याचं बोलणं लांबून अनेक मायक्रोफोनांनी टिपलं जातं. चोरून ऐकणारा तज्ज्ञ हॅरी कॉल गोंगाट गाळत गाळत एका वाक्याशी पोहोचतो: संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल. चित्रपटभर जोर 'मारून' या शब्दावर ऐकू येतो आणि ते दोघं घाबरलेले वाटतात. शेवटी तेच वाक्य पुन्हा येतं, पण जोर 'आपल्याला' या शब्दावर, आणि अर्थ उलटतो. ध्वनीची बाजू सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्चनं त्यासाठी अभिनेत्याचं वेगळं उच्चारण वापरलं. म्हणजे टेप तीच राहिली नाही. मित्र याला फसवणूक म्हणतात. मला ते चालतं, कारण तोवर आपण टेप कधी ऐकलेलीच नसते, हॅरीच्या कानांनी ऐकलेली टेप ऐकलेली असते, आणि त्या कानांवर जुन्या अपराधाचं ओझं आहे हे चित्रपटानं बरंच आधी सांगितलेलं असतं. तेवढं आधी सांगितलं नसतं, तर मीही मित्रांच्याच बाजूनं बोललो असतो.