आजीला सोलापूरला कसं पाठवायचं?

गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मला एका आजीला सोलापूरला पाठवायचं होतं. आजी कागदावरचीच. वय 78, गुडघे दुखतात, दुपारी एक वाजता सोलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावलेला. गावातून कुर्डुवाडीपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. एसटीच्या तीन वेळा दिल्या होत्या, 7.10, 8.45 आणि 10.30. रेल्वेच्या दोन, 9.20 आणि 11.50. एसटीला कुर्डुवाडी गाठायला चाळीस मिनिटं, रेल्वेला सोलापूर गाठायला एक तास वीस मिनिटं. सगळ्या वेळा माझ्या मनच्या. खऱ्या घेऊन पाहिल्या, तर प्रश्नच उरत नव्हता, सगळ्या गाड्या जुळत होत्या. खाली विचारलं होतं, आजीनं कितीची एसटी धरायची? उत्तर इंग्रजीत, आणि कारण सांगायचं.

बघायला गेलं तर हे चौथीचं गणित. 8.45 ची धरली तर आजी 9.25 ला पोचते, गाडी पाच मिनिटं आधी गेलेली. 10.30 ची धरली तर पुढची गाडी मिळते, पण ती सोलापूरला 1.10 ला, नंबर हुकला. म्हणजे 7.10 चीच, आणि कुर्डुवाडीच्या फलाटावर दीड तास बसायचं. पण हे गणित इंग्रजीतून करायचं म्हटलं की सातवीतल्या पोरांच्याही कपाळाला आठ्या पडतात. मला त्या आठ्याच हव्या असतात.

सोळा वर्षं झाली मला माढा तालुक्यात इंग्रजी शिकवून. शाळा मराठी माध्यमाची, वर्गाचा पट 46. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीतल्या पोराच्या पाठीशी सहा वर्षांचं इंग्रजी असतं. तरी नाव विचारलं की 'माय नेम इज' पर्यंत गाडी धडधडत येते आणि थांबते. माझी पद्धत तरी काय वेगळी होती? धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, शब्दार्थ फळ्यावर, प्रश्नोत्तरं वहीत. मुलं 'आय ॲम गोइंग टू द मार्केट' सुरात म्हणायची. बाजारात कुणी निघालेलं नसायचं.

मग एका प्रशिक्षणात आम्ही जोडीकार्य शिकलो. दोघांना दोन चित्रं द्यायची, थोडी वेगळी. एकमेकांना न दाखवता इंग्रजीत विचारून फरक शोधायचे. आम्हा शिक्षकांना तिथं फार मजा आली. टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी उत्साहानं 23 जोड्यांच्या झेरॉक्स स्वतःच्या पैशानं काढल्या आणि वर्गात वाटल्या. पहिल्याच मिनिटाला मधल्या रांगेतला एकजण जोडीदाराला म्हणाला, "आन इकडं, बघू दे." दोघांनी कागद शेजारी शेजारी ठेवले, बोटानं फरक मोजले आणि हात वर केला. "झालं बाई!"

मी रागावले. पण रात्री भाकरी थापताना वाटलं, त्याचं चुकलं काय? कागद हाताशी असताना कुठला शहाणा माणूस परक्या भाषेत विचारत बसेल? बाकीच्या जोड्यांनी कागद लपवले खरे, पण बोलणं सगळं मराठीतच, तेही एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले. पुढची दोन वर्षं मी त्या वाटेला गेले नाही.

यातून बाहेर काढलं ते एका जुन्या टिपणानं. बी.एड.ला 'बंगलोर प्रकल्प, टिपा लिहा, गुण 5' असा प्रश्न होता. 1979 ते 1984, तो चालवणारे एन. एस. प्रभू, दक्षिण भारतातल्या मोजक्या शाळा, व्याकरणाचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून केवळ कृतींमधून इंग्रजी. मी घोकलं, लिहिलं, चार गुण मिळाले आणि विसरले. ट्रंकेतली वही सापडली तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. नंतर इकडून तिकडून आणखी मिळवून वाचलं. हा माणूस आपल्यासारख्याच भरलेल्या वर्गांबद्दल बोलत होता. खडू-फळा, आणि इंग्रजी कानावर पडण्याची जागा म्हणजे फक्त शाळा.

प्रभूंनी कृतींचे तीन प्रकार सांगितले. एकाकडची माहिती दुसऱ्याला द्यायची, हा पहिला. माझ्या चित्रांचा. दिलेल्या माहितीतून डोकं चालवून नवीन काही काढायचं, हा दुसरा. आणि स्वतःचं मत मांडायचं, हा तिसरा. त्यांचा भर दुसऱ्यावर होता आणि वेळापत्रकं, नकाशे हे त्यांच्या वर्गांतलं रोजचं सामान. चित्रातला फरक बोटानं दाखवता येतो. '7.10 चीच का' हे बोटानं दाखवता येत नाही. त्याला कारण लागतं आणि कारणाला वाक्य लागतं.

दुसरी गोष्ट वाचून तर मला हायसं वाटलं. गटात बसवून मुलांना एकमेकांशी बोलायला लावण्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मोडकंतोडकं इंग्रजी एकमेकांकडून ऐकून तेच पक्कं होईल, ही त्यांची भीती. त्याऐवजी आधी शिक्षकानं सगळ्या वर्गाबरोबर फळ्यावर तसंच एक काम करायचं, मग प्रत्येकानं आपलं आपण.

आता माझा तास असा चालतो. फळ्यावर मामा. मामाला पंढरपूरला जायचंय, वेळा वेगळ्या. मी विचारते, "व्हेन डझ द बस रीच कुर्डुवाडी?" उत्तर एका शब्दात आलं तरी चालतं, मराठीत आलं तरी चालतं. मी तेच इंग्रजीत म्हणून पुढचा प्रश्न विचारते. 'माझ्या मागून म्हणा' बंद. परवा एक मुलगी म्हणाली, "बस रीच सेव्हन फिफ्टी." मी म्हटलं, "येस, इट रीचेस ॲट सेव्हन फिफ्टी. अँड देन?" बस, एवढंच. पूर्वी या एका 'एस'साठी मी लाल शाईच्या दौती संपवल्यात. अजूनही तो 'एस' कधी येतो, कधी येत नाही. पण पोरगी बोलायची थांबत नाही.

काम सोपं की अवघड, हे ठरवायची प्रभूंची फूटपट्टीही माझ्या कामाची आहे. निम्म्या मुलांना निम्मं तरी जमलं, तर काम बरोबर. सगळ्यांना सगळं आलं तर ते फारच सोपं होतं. आम्हा शिक्षकांना हे पचायला जड जातं. शंभर टक्के निकालाची सवय ना.

तर आजी. मामा पंढरपूरला पोचला, मी कागद वाटले, वर्ग गप्प झाला. दहा मिनिटांनी खिडकीजवळच्या पोरानं हात वर केला. त्याचे वडील एसटीत कंडक्टर. एरवी हा इंग्रजीच्या तासाला बाहेरच्या लिंबाकडे बघत असतो.

"बाई, राँग."

"व्हॉट इज राँग?"

"आजी नो ट्रेन."

"व्हाय?"

"फाटा, एसटी डायरेक्ट सोलापूर. व्हाय कुर्डुवाडी? स्टेशन ब्रिज, आजी नी पेन."

मी म्हटलं, कागदावर तशी गाडी दिलेली नाही. त्याला ते पटलं नाही. क्षणभर थांबला, आणि मग हुकमाचं पान टाकल्यासारखा म्हणाला, "आजी सेव्हन्टी-एट. एसटी फ्री! ट्रेन मनी."

मी गारच. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही, हे मला माहीत होतं. माझ्याच सासूबाई फुकट फिरतात. पण आजी म्हातारी दिसावी एवढ्यासाठी मी 78 आकडा टाकला होता, आणि त्यानं तो माझ्यावरच उलटवला.

मग वर्ग पेटला. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "डायरेक्ट बस फुल्ल. नो सीट." तो म्हणाला, "कंडक्टर गिव्ह सीट." ती म्हणाली, "हू कंडक्टर?" तो छाती काढून, "माय फादर!" मागून आवाज आला, "आधार कार्ड?" उत्तर, "आजी हॅव." एकानं मराठीतून दटावलं, आजीला एकटीला कशाला पाठवता? मी ते इंग्रजीत म्हटलं, "शुड समवन गो विथ हर?" झालं, त्यावरून नवा वाद. घंटा झाली तेव्हा आजी गावातच होती.

हे सगळं गोड आहे असं नाही. वह्या कोऱ्या दिसतात. एका मुलीचे आजोबा येऊन म्हणाले, "बाई, तुमी नुसत्या गाड्यांच्या गप्पा मारता म्हनं." चुकीचं नाही ते. बंगलोरच्या आणि नेहमीच्या वर्गांच्या चाचण्यांचे निकाल बेरेटा आणि डेव्हिस या संशोधकांनी 1985 मध्ये मांडले, त्यातही साधारण असंच दिसलं की ज्याला जे शिकवलं त्यात तो पुढे. सहामाहीच्या पेपरात आजीचा प्रश्न येणार नाही, 'चेंज द व्हॉइस' येणार. म्हणून आठवड्यातले दोन तास कृतींना, बाकीचे पेपराला. तडजोड आहे, मला आवडत नाही, पण पोरांचे गुण माझ्या हौसेपायी घालवायचा मला अधिकार नाही. एक मात्र केलं. कंडक्टरच्या पोराला पूर्ण गुण दिले आणि उत्तरसूचीत 7.10 च्या खाली पेनानं लिहिलं, 'किंवा फाट्यावरून थेट एसटी'.

दुसऱ्या दिवशी तो घरून खऱ्या गाड्यांचा कागद घेऊन आला. वडिलांनी लिहून दिलेला, रविवारी बंद असलेल्या फेऱ्यांवर फुली मारलेली. पुढची कृती यावरच करायची, असं त्यानंच ठरवून टाकलं. जाता जाता दारातून वळला.

"बाई, कंडक्टरला इंग्लिशमदी काय म्हंत्यात?"

"कंडक्टरच."

त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "न्हाई ओ बाई. त्ये तर मराठीच हाय की."