चोथा

मंगळवार, रात्री

गेल्या आठवड्यात घरोघरचा कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या मावशींनी ओल्या कचऱ्याची बादली उचलली आणि परत खाली ठेवली. “ताई, दगड भरलेत का यात?”

दगड नव्हते, चोथा होता. गाजर, बीट, सफरचंदाचा. ‘काहीतरी करू याचं’ म्हणत तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवलेला आणि शेवटी आंबलेला.

रसाचं खूळ अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. तळजाई टेकडीवर त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी ज्यूसरचं गुणगान केलं आणि आठवड्याच्या आत यंत्र आमच्या ओट्यावर. चार गाजरं, एक बीट, अर्धं सफरचंद, आल्याचा तुकडा. एवढ्यातून पेलाभर रस आणि दोन वाट्या चोथा. मंडईतून पिशव्या वाहायच्या मी, आणि त्यातलं निम्मं बादलीत. (बीटमुळे पहिल्याच आठवड्यात अण्णांनी बाथरूममधून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात हाक मारली होती. तपशील नको.)

खरी गंमत रात्रीची. जेवण झालं की अण्णा कोमट पाण्यात चमचाभर इसबगोल ढवळतात. म्हणजे सकाळी गाजरातला चोथा काढून फेकायचा आणि रात्री दुसऱ्या कुठल्या तरी झाडाच्या बियांचा भुसा विकत आणून घ्यायचा! मी बोलले नाही. सुनेने काय काय बोलायचं.

मावशींचं बोलणं अण्णांनी मात्र गॅलरीतून ऐकलं होतं. ते दौंडकडचे. चहा पिता पिता म्हणाले, “आमच्याकडे गुऱ्हाळावर चिपाड कुणी टाकत नसे. तिथेच वाळत घालायचं, वाळलं की काहिलीखाली जाळायला. उसाच्या जाळावर उसाचाच रस आटायचा.” आणि पेपर उघडला. पुढचं माझ्यावर सोडून.

आधी हलवा केला. नुसता पसारा. गोडवा सगळा रसात गेलेला, मागे राहिलेला चोथा दुधात कितीही शिजवा, दाताखाली भुशासारखाच येतो. साखर आणि खवा ओतून तो खाण्याजोगा केला, पण मग वाचवलं काय? आवळ्याचा चोथा मात्र पहिल्याच खेपेला जमला. सैंधव, जिरेपूड, ओवा चोळून ताटात पसरला, गॅलरीच्या उन्हात तीन दिवसांत कुरकुरीत. जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकायला बरा.

दुधीच्या बाबतीत माझा नियम पक्का आहे. आधी कच्ची फोड जिभेवर ठेवून बघायची. कडू लागली तर रसही नाही, चोथाही नाही, भाजीसुद्धा नाही. ते विष शिजवून जात नाही. परवा असा एक निघाला, अख्खा टाकला, आणि तेव्हा अजिबात हळहळ वाटली नाही.

राहिलं थालीपीठ. पहिली दोन तव्यावर टाकतानाच फाटली. किसलेल्या गाजराला मीठ लागलं की पाणी सुटतं, त्या हिशोबाने मी पीठ घट्ट मळायची. चोथ्याचं उलटं. आधीच पिळलेला, त्यामुळे तोच पिठातलं पाणी ओढून घेतो. मळताना मऊ वाटलेला गोळा दहा मिनिटांत कोरडा आणि कडांना भेगा. आज दोन वाट्या चोथ्याला दीड वाटी भाजणी, मूठभर कणीक, बारीक चिरलेला कांदा, तिखट, तीळ, कोथिंबीर घेतली. कोमट पाण्याने नेहमीपेक्षा सैल भिजवलं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. मग हाताला पाणी लावून ओल्या फडक्यावर थापलं, मध्ये एक आणि भोवती चार भोकं, प्रत्येक भोकात तेल, वर झाकण. उलटलं तेव्हा कडा जाळीदार, आणि बीटचा तो भडक रंग उतरून विटकरी झालेला. पोळपाट तेवढा गुलाबी राहिलाय, तो काही सुटत नाही.

अण्णांनी लोण्याबरोबर तीन खाल्ली. कशाची म्हणून विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग हात धुताना म्हणाले, “उद्या रस नको मला. गार पडतो पोटाला. ही थालीपीठंच कर.”

आता फ्रिजमध्ये चोथा नाही. म्हणजे उद्या सकाळी थालीपिठांसाठी ज्यूसर लावायचा, आणि निघालेला रस प्यायचा मी. गाजरं आहेत, बीट एकच उरलंय.