तुम्ही विचारलंत म्हणून: अंजिराला हात का लावू देत नाही?

दिवे घाट चढून सासवडकडे निघाले, की हंगामात रस्त्याच्या कडेला अंजिराच्या पाट्या मांडलेली छपरे दिसू लागतात. त्यांतले एक आमचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या छपराखाली बसते आणि तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या सुरांत ऐकते: "ताई, पैसे आम्ही मोजायचे आणि फळ तुम्ही निवडायचे, हा कुठला न्याय?" कोणी हसत विचारते, कोणी चिडून. मागे चार गाड्या थांबलेल्या असताना याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते सवडीने लिहिते आहे.

पहिले कारण सालीचे. पेरू दाबून पाहिला तर पेरूचे काही बिघडत नाही. झाडावर पिकलेल्या अंजिराची साल मात्र इतकी पातळ असते, की सकाळी अंगठ्याने दाबलेल्या फळावर त्या वेळी काहीच दिसत नाही, दुपारी तिथे तपकिरी डाग उमटतो आणि संध्याकाळी त्या जागेला आंबूस वास येऊन चिलटे घोंघावू लागतात. दाबणारा गिऱ्हाईक तोवर घरी पोहोचलेला असतो आणि ते फळ त्याच्यानंतर आलेल्याच्या पदरी पडते. कच्चे तोडून घरात पिकवावे, तर अंजिराला नंतर गोडी चढत नाही. त्यामुळे हिवाळ्यातला खट्टा बहार असो की उन्हाळ्यातला मीठा बहार, रोज पहाटे झाडाखाली जाऊन मान टाकलेली तेवढीच फळे देठासकट तोडावी लागतात. देठातून निघणारा पांढरा चीक बोटांची आग करतो. सासूबाई तोडणीला जाण्याआधी खोबरेल तेल चोळतात, तरी बहार संपेपर्यंत त्यांच्या बोटांची सालपटे निघालेली असतात. इतके जपून खाली आणलेले फळ पाच जणांनी चाचपून परत ठेवलेले पाहिले, की त्यांचा आवाज चढतो. तो आवाज ऐकून दुखावलेल्या सर्वांची मी इथे माफी मागते.

मात्र गिऱ्हाइकाला निवडावेसे का वाटते, याचे उत्तर सालीत नाही, आम्हा विकणाऱ्यांच्या सवयीत आहे. पूर्वी आमचा सगळा माल पुण्याच्या मार्केट यार्डात जात असे. पाटीचे तोंड चांगले दिसले पाहिजे, म्हणून वरच्या थरात मोठी, एकसारखी फळे आणि खाली बारकी, हीच रीत सगळीकडे होती आणि आमच्या घरीही होती. व्यापाऱ्याला ती ठाऊक असे, तो भाव तसाच लावी, म्हणून तिला कोणी फसवणूक म्हणत नसे. पुढे आम्ही रस्त्यावर विक्री सुरू केली तेव्हा पाटीच्या जागी पुठ्ठ्याचा खोका आला, पण भरण्याची रीत तीच राहिली. फरक एवढाच, की आता समोर व्यापारी नव्हता, मुलांसाठी चार अंजिरे नेणारा माणूस होता.

एका रविवारी जेजुरीहून परतणाऱ्या एका कुटुंबाने दोन खोके नेले. सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागलेला होता, एवढे आठवते. काही दिवसांनी त्यांच्यातल्या आजी पुन्हा आल्या आणि रिकामा खोका त्यांनी माझ्यासमोर उपडा धरला. तळाच्या पुठ्ठ्यावर चार गोल, ओले होऊन वाळलेले डाग होते. "फळे टाकून दिली बाई. तू निवडू दिले असतेस, तर ही चार मीच बाजूला काढली असती," एवढेच त्या म्हणाल्या. तो खोका त्या सकाळी मीच भरला होता. मी नवा खोका पुढे केला, तर त्यांनी त्याचे पैसे मोजून दिले, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्यानंतर आम्ही खोक्यात एकच थर भरू लागलो. पुठ्ठ्याचा खर्च वाढतो म्हणून दिरांनी बरीच कुरकुर केली, आणि ती चुकीची नव्हती. आता खोका उघडाच ठेवतो. जे फळ नको वाटेल ते बोटाने दाखवा, मी देठाला धरून बदलून देते. फार मऊ झालेली फळे वेगळ्या पाटीत निम्म्या भावात असतात. खरे सांगायचे तर सर्वांत गोड फळे त्या पाटीत असतात: साल तडकलेली, तळाच्या छिद्राशी पाकाचा थेंब आलेला. रोज या रस्त्याने जाणारे एक टेम्पोवाले दादा नेमकी तीच मागतात आणि गाडीतच संपवतात, कारण घाट उतरून पुण्याच्या घरापर्यंत ती टिकणार नाहीत, हे त्यांना पक्के माहीत आहे. चवीसाठी एक अंजीर चिरून ठेवलेले असते. आत किडा असतो का, असे हल्ली पुष्कळ जण विचारतात. आमच्याकडच्या पुणे अंजिराला फळ धरण्यासाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे काही जातींच्या अंजिरांत परागीभवनासाठी शिरणाऱ्या त्या प्रसिद्ध गांधीलमाशीचा इथे संबंध येत नाही.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते ऐकून लांबून येणारी माणसे वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र खोक्याच्या तळाशी काय आहे, हे मानांकन सांगत नाही. ते आम्हालाच दाखवावे लागते.

पावसाळ्यात याच छपराखाली सीताफळे येतात, तेव्हा मात्र हवी तेवढी हाताळा आणि हवी ती निवडा. फळाचे डोळे उघडलेले असतात, पण ते अजून टणक असते, त्याला बोटांची भीती नाही. आम्ही फक्त एवढेच विचारतो, की आज खायचे आहे की दोन-तीन दिवसांनी, आणि टणक फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते, असे सांगतो. अंजिराच्या वेळी रुसून गेलेले एक काका तेव्हा प्रत्येक फळ उचलून, फिरवून पाहतात आणि माझ्याकडे बघत मुद्दाम परत ठेवतात.

आणि ज्यांना सासूबाई रागावल्या, त्यांच्यासाठी एक घरगुती गोष्ट सांगते. सासवडच्या आठवडे बाजारात त्या स्वतः प्रत्येक वांगे दाबून, देठ पाहून घेतात. मागे एका बाईंनी त्यांना "मावशी, हात लावू नका" म्हटले, तर त्या वांगी तिथेच ठेवून पुढच्या पाटीकडे निघून गेल्या.