गणपतीच्या पाठीमागची भिंत

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेबद्दल सगळं लिहायचं म्हणून बसले, पण चित्रकलेच्या सरांपासून पुढे सरकताच येईना. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी. गणितानं मला बँकेतली नोकरी दिली, हे मान्यच आहे.

सरांचं नाव आपल्या शाळेत वेगळं सांगायला नको. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचे वर्ग रविवारी सकाळी, फी नाही. वस्तुचित्रासाठी तांब्या, परात, वांगी, सगळं सरांच्या घरून यायचं. वर्ग सुटला की वांगी परत घरी जायची.

आठवीतल्या पावसाळ्यात कृष्णेचा पूर ओसरल्यावर सर आम्हाला गणपती घाटावर घेऊन गेले. आम्ही सगळ्यांनी ढोल्या गणपतीच्या समोर बैठक मारली, कारण कळस तिकडूनच देखणा दिसतो. सर म्हणाले, "उठा. हे कॅलेंडरवाल्यांनी काढलंय. मागं चला."

देवळाची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे, हे वाईत जन्मून आमच्यातल्या कुणी धड पाहिलं नव्हतं. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधलं ते अगदी नदीकाठी. पुराचं पाणी त्या टोकावर फुटावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, अशी ती योजना. मी मात्र सरळ आडवी रेघ ओढून वर कळस चढवायच्या घाईत.

"आगं, पाणी कुठनं येतंय ते बघ की! पुढच्या पुरात तुझं देऊळ वाहून जाईल."

सगळे हसले. सरांनी माझ्या कागदाला हात लावला नाही. खोडरबर तेवढं उचलून खिशात टाकलं आणि पेन्सिल खाली ठेवून नुसतं बघायला लावलं. चित्र त्या दिवशी पुरं झालंच नाही. पण टोकापाशी सावली कशी मोडते, एकाच दगडाची एक बाजू निळसर आणि दुसरी तांबूस कशी होते, हे मला दिसलं. एवढं एक शिकवायला सरांनी अख्खी सकाळ घालवली.

पुढे बँक, बदल्या, संसार. रंगपेटी कुठल्या माळ्यावर गेली, देव जाणे. निवृत्तीनंतर माहेरच्या घरी राहायला येऊ लागले, तेव्हा पुन्हा कागद घेऊन त्याच भिंतीसमोर बसले. हात थरथरतो तो वयामुळे, असं मी सांगते. लोक मागे थांबून विचारतात, "शूटिंग आहे का?" वाईत दुसरं काय विचारणार! मेणवलीच्या घाटावर जाऊन वसईहून आणलेली ती घंटाही रंगवून पाहिली, पण जीव इथंच रमतो. गेल्या वर्षी पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात आमच्या गटाचं प्रदर्शन झालं, त्यात ही चित्रं लागली. एक विकलंही गेलं. घेणाऱ्या बाईंना ते कुठलं देऊळ हे ओळखू आलं नव्हतं. समोरून काढलं असतं तर लगेच ओळखलं असतं. सर असते तर यावर खूश झाले असते.

आता इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७ वाढीव गुण मिळतात. माझी भाची त्यासाठी परीक्षेला बसली आणि स्मरणचित्रातली माणसं पाठ करून गेली. छत्रीवाला माणूस, फुगेवाला, फुलवाली, सगळे घोटून तयार. स्मरणचित्र पाठ! तिला दोष देत नाही, पण तिला घाटावर नेणारं कुणी भेटलं नाही याचं वाईट वाटतं. नव्या इमारतीत मी चित्रकलेची खोली शोधली, मला काही सापडली नाही.

समितीला एक कळवून ठेवते. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला मी गणपती घाटावर असते. शाळेतल्या मुलांना यायचं असेल तर घरी विचारून यावं. कागद, रंग माझ्याकडे आहेत. बोर्ड आपापला आणावा. पाणी चढलेलं असेल तर वरच्या पायरीवर बसू.