काल किती आली?

परवा दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते तर ओढणीतून शुगरची एक वापरलेली पट्टी पडली, टोकाला वाळलेलं रक्त. आमच्याकडे या पट्ट्या कुठेही सापडतात, सोफ्याच्या फटीत, चौरंगाखाली, एकदा तर लेकाच्या भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून. आप्पांनी जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडून ठेवलंय, सुया न चुकता त्यातच जातात, पण पट्ट्यांना पाय फुटतात बहुतेक.

आप्पा म्हणजे माझे सासरे. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. जिथे एक कागद कमी भरला तर सगळं खातं थांबायचं (असं ते सांगतात, आणि दर वेळी जरा वाढवून सांगतात) तिथे उभी हयात काढलेला माणूस, त्याच्या हातात शुगर मोजायचं मीटर पडलं म्हणजे काय होणार ते ओळखा. सोसायटीच्या बँकेची डायरी काढली, रकाने आखले, तारीख, वेळ, काय खाल्लं, किती आली. नॉर्मल निळ्या पेनने, जेवणानंतरची 180 च्या वर गेली की लाल. सकाळी ओट्याशी गेलं की चहाआधी तोच विषय, काल किती आली, आज किती आली. शेजारचे काका पण जिन्यातून उतरता उतरता हेच विचारतात.

मीटर घ्यायचं ठरलं तेव्हा नवरा रोज रात्री मोबाईलवर रिव्ह्यू वाचत बसायचा, ब्लूटूथ आहे का, ॲप आहे का, मेमरी किती. मी सरळ गोळे कॉलनीत, औषधांच्या होलसेल बाजारात गेले. तिथला होलसेलवाला म्हणाला, ताई, मीटर कुठलंही उचला, आधी तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये पट्टी कुठली मिळते ते बघून या. एवढं शहाणपण त्या रिव्ह्यूंमध्ये नव्हतं. मीटर एकदाच घ्यायचं, कधी पट्ट्यांबरोबर फुकटही मिळतं, खरा खर्च पट्टीचा, ती दर वेळी नवी लागते आणि एका कंपनीची दुसरीच्या मीटरला चालत नाही. बाकी आकडे मोठे दिसावेत आणि पट्ट्यांच्या डबीवरचा कोड मीटरमध्ये टाकायची भानगड नसावी, आप्पांच्या वयाला एवढं पुरतं. आणि डबी उघडली की त्यावर तारीख लिहायची, बऱ्याच पट्ट्या उघडल्यापासून तीन महिनेच चालतात, मग एक्स्पायरी पुढच्या वर्षीची का असेना. झाकण लगेच घट्ट लावायचं, आपल्याकडे पावसाळ्यात पापडसुद्धा तासाभरात मऊ पडतो, पट्टीला दमट हवा अजिबात सोसत नाही.

माझ्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. पंचवटीत आजोबांच्या वाड्यात मोरीशेजारी कोनाडा होता, त्यात एक काचेची नळी, स्पिरीटचा दिवा आणि निळ्याशार औषधाची बाटली. बेनेडिक्टचं सोल्युशन हे नाव नंतर कॉलेजात कळलं. सकाळी आजोबा नळीत ते निळं पाणी घ्यायचे, ड्रॉपरने मोजून काहीतरी थेंब टाकायचे आणि चिमट्यात धरून दिव्यावर हलवत राहायचे. आम्ही पोरं भोवती उकिडवी. थेंब कशाचे ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. निळ्याचं हिरवं व्हायचं, मग पिवळट, आणि नशीब असलं तर नारिंगी, कधी एकदम विटकरी. आम्ही नारिंगी नारिंगी म्हणून टाळ्या पिटायचो. आजोबांना निळंच राहायला हवं असायचं हे आमच्या गावीही नव्हतं. नारिंगी झालं की ते काही न बोलता नळी धुवायला जायचे आणि त्या दिवशी आजी ताटात एक पोळी कमी वाढायची. आता कळतं की लघवीत साखर उतरते तीच मुळी रक्तातली साधारण 180 च्या पुढे गेल्यावर, आणि दिसते ती मागच्या काही तासांची. म्हणजे आजोबांना बातमी शिळीच मिळायची.

आप्पांना ताजी मिळते, पाच सेकंदात, तर त्यांचं भांडण वेगळंच. एकाच बोटाचे लागोपाठ दोन थेंब घेतले, एक 168 आणि दुसरा 181, झालं, मीटर खोटं. मी त्यांना समजावलं की मीटर किती अचूक हवं ते सांगणाऱ्या 2013 च्या आंतरराष्ट्रीय आयएसओ नियमातच एवढी सूट आहे, 100 च्या खाली पंधरा पॉईंट इकडे तिकडे, वर असेल तर पंधरा टक्के, आणि तेही शंभरातल्या पंचाण्णव वेळा. म्हणजे खरी 200 असेल तर 170 पण चालते आणि 230 पण. आप्पा चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "अगं, पंधरा टक्के चुकीची नोट छापली असती तर मला घरी बसवला असता."

द्राक्षांच्या दिवसांत तर कोर्टच भरलं. निफाडहून भाच्याने क्रेट आणलं होतं, आप्पा दुपारभर घड साफ करत बसले, तडकलेले मणी बाजूला काढत, आणि संध्याकाळी शुगर 246. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते शपथा घेताहेत, एक मणी तोंडात टाकला नाही, सासूबाई म्हणताहेत मला शिकवू नका. स्पिरीटच्या बोळ्याने बोट पुसून परत केली तरी 200 च्या वरच. शेवटी मी साबणाने खसखसून हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसरं बोट, आणि 139. बोटावरचा द्राक्षाचा रस मोजत होतं बिचारं मीटर, आणि स्पिरीटने तो नीट निघत नाही. आप्पांनी ती 246 डायरीतून खोडली नाही, शेजारी फक्त "द्राक्ष" लिहिलं.

टोचतात मात्र झकास. बोटाच्या मधोमध नाही, कडेला, तिथे कमी दुखतं. रोज बोट बदलायचं, हात खाली सोडून जरा झटकायचा, टोचायचं पेन टेकवून टक्. थेंब नीट फुगू द्यायचा आणि पट्टीची कड नुसती टेकवायची, ती आपणच ओढून घेते. दाबून दाबून थेंब काढलेला त्यांना खपत नाही. मला म्हणतात तुझी पण बघू एकदा, चाळिशी उलटली. मी म्हणते पट्ट्या महाग आहेत.

गेल्या महिन्यात दुपारी लग्नात दाबून जेवण झालं म्हणून आप्पा रात्री नुसतं ताक पिऊन झोपले, शुगरची गोळी मात्र नेहमीची घेतली. मध्यरात्री सासूबाईंनी हाक मारली, आप्पा घामाने भिजलेले, बोलणं अडखळत होतं. मीटर 54. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो, परत टोचलं, 88, मग दूध-पोळी दिली. मीटर खोटं असेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रात्रीची गोळी कमी केली.

तो 54 डायरीत निळ्यानेच लिहिलाय, कमी आकड्याला रंगच ठरलेला नव्हता. आता हिरवं पेन आण म्हणतात. आणते म्हटलं, मेडिकलमध्ये पट्ट्या आणायला जायचंच आहे.