वेग भरपूर, तरीही व्हिडिओ अडखळतो

इंटरनेटची जोडणी १०० एमबीपीएसची करून घेतल्यानंतरही माझ्या जुन्या लॅपटॉपवर ऑनलाइन व्हिडिओ अडखळतच राहिले, तेव्हा पहिले काही दिवस राउटर बंद-चालू करण्यापलीकडे मी फारसे काही केले नाही. एका संध्याकाळी मात्र एक गोष्ट नजरेस पडली. व्हिडिओखालच्या पट्टीवर पुढचा भाग लोड झाल्याचे दाखवणारी करडी रेषा बरीच पुढे गेलेली होती, आवाजही सलग येत होता. केवळ चित्र धक्के खात सरकत होते आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता. म्हणजे माल वेळेवर पोहोचत होता, तो उलगडताना लॅपटॉपची दमछाक होत होती.

व्हिडिओ पाहण्यासाठी काय लागते, असे विचारले की आपण आधी वेगच तपासतो. वस्तुतः वेगाची गरज बरीच माफक असते. नेटफ्लिक्सची शिफारस पाहिली तर ७२०पी चित्रासाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. हा वेग बिटमध्ये मोजलेला असतो, फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये सांगतात आणि ८ बिटचा १ बाइट होतो. त्यामुळे ५ एमबीपीएसचा व्हिडिओ तासभर पाहिल्यास सुमारे सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो. मोबाइल डेटावर पाहणाऱ्याने वेगापेक्षा हाच हिशोब आधी करावा.

वेग किती आहे याहून तो सलग मिळतो का, हे अधिक महत्त्वाचे असते. २००९ मध्ये अ‍ॅपलने आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश, या व्हिडिओ पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींत व्हिडिओचे काही सेकंदांचे लहान तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत सर्व्हरवर तयार असतो. मागचे तुकडे किती वेगाने आले आणि हाताशी किती साठा आहे, हे पाहून प्लेअर पुढच्या तुकड्याचा दर्जा ठरवतो, म्हणूनच सुरुवातीचे काही क्षण चित्र अनेकदा धूसर दिसते आणि मग स्पष्ट होते. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शेजारपाजारच्या राउटरांनी गजबजलेला असतो, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात लुडबुड करतो. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, आणि टीव्ही जागेवरून हलणार नसेल तर त्याला सरळ लॅन केबल जोडावी, असे माझे मत आहे.

आता माझ्या लॅपटॉपकडे वळतो. १९२० × १०८० पिक्सेलचे चित्र, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम, असा हिशोब केला तर मूळ व्हिडिओला सुमारे १,२४० एमबीपीएस लागतील. तो ५ एमबीपीएसमध्ये बसवायचा म्हणजे जवळपास अडीचशे पट आकसावा लागतो. हे काम कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकसण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत, करतो. २००३ चा एच.२६४, २०१३ चे एचईव्हीसी आणि व्हीपी९ आणि २०१८ चा एव्ही१ या क्रमाने डेटाची बचत वाढत गेली, पण आकसलेले चित्र पुन्हा उलगडण्याचे गणितही तितकेच अवघड होत गेले. ते गणित करणारे खास सर्किट चिपमध्येच असेल तर साधा मोबाइलही ते सहज पेलतो. नसेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की कोणता कोडेक चालू आहे आणि किती फ्रेम गळल्या, हे दिसते. माझ्याकडे तिथे एव्ही१ची नोंद होती आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. संगणकाच्या चिपमध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय साधारण २०२० पासून येऊ लागली. माझा लॅपटॉप त्याच्या कितीतरी आधीचा.

सशुल्क सेवांच्या बाबतीत आणखी एक अट असते, ती म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डीआरएमची. अँड्रॉइडवर वाइडव्हाइन ही प्रणाली असते आणि फोनला तिची सर्वांत सुरक्षित एल१ पातळी नसून खालची एल३ असेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी अनेक सेवा साध्या दर्जाचेच चित्र देतात. टीव्हीला बाहेरून उपकरण जोडून ४के पाहायचे असेल, तर मधल्या प्रत्येक उपकरणाला एचडीसीपी २.२ हे केबलवरून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारे तंत्र चालावे लागते.

ब्राउझरबाबत फार सांगण्यासारखे नाही. पूर्वी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लॅशचे समर्थन अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवले, त्यामुळे ‘फ्लॅश प्लेअर टाका’ असे आज कोणी सुचवत असेल तर त्या वाटेला जाऊ नये. ब्राउझर अद्ययावत ठेवणे पुरेसे आहे. उपकरणाची तारीख आणि वेळ मात्र जरूर तपासावी, कारण ती चुकलेली असली की सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि व्हिडिओ सुरूच होत नाही.

तो लॅपटॉप मी अजून वापरतो. त्यावर दर्जा ७२०पीवर ठेवला की एव्ही१चा व्हिडिओही सलग चालतो आणि पंख्याचा आवाज येत नाही.